बोटं शाबूत, घोटा दोन ठिकाणी

“बोटांना काहीही झालेलं नाही. एकदम शाबूत आहेत,” शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात त्यांनी पेन वर सरकवलं. “घोटा मात्र दोन ठिकाणी मोडलाय.”

बायमॅलिओलर फ्रॅक्चर म्हणतात त्याला. म्हंजी घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला जी दोन टेंगळं हाताला लागतात, ती दोन्ही गेली. ऑपरेशन करून प्लेट आन् स्क्रू बसवायचे.

“पायात काय होतं?”

“सेफ्टी शूज,” आमचे हे स्ट्रेचरवरून ऐटीत म्हणाले. “कंपनीचेच. पुढं लोखंडी टोपी हाय.”

आता सांगते. हे रांजणगावच्या एका कारखान्यात लाइनवर उभ्यानं काम करतात. सुट्टीला दोस्तांसंगं घोड नदीकाठच्या ओढ्या-नाल्यांतनं मोटरसायकल घालतात. रस्ता सोडून जायचं, त्यालाच ट्रेल म्हणतात म्हणे. हेल्मेट तेवढं धड होतं. बाकी सगळा सरंजाम कंपनीचा: विणलेले हातमोजे, चकाकणारं पिवळं जाकीट (बाभळीत कोण बघणार होतं, मेंढरं?) आन् ते बूट. चांगले बूट घ्या म्हणलं की उत्तर ठरलेलं. “अगं, नावातच सेफ्टी हाय!”

त्या दिवशी ओढ्याच्या गोट्यांत गाडी कलली. ह्यांनी आधाराला डावा पाय टाकला, तो दगडांत अडकला आन् गाडी वरनं आली.

डॉक्टर म्हणाले, “पायावर काही पडलं तर हा बूट बोटं वाचवतो. तुमचा घोटा आडवा वळला. घोट्याशी ह्या बुटाचा काही संबंधच नाही.”

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसून मी मनातल्या मनात ती गाडी विकून टाकली. रागानं न्हाई, भीतीनं. उभ्याचं काम, पाय वाकडा राहिला तर पुढं काय?

यथावकाश प्लास्टर निघालं. “आता फुल वेट बेअरिंग,” डॉक्टर म्हणाले, म्हंजी सगळा भार पायावर द्यायचा. हाड छान जुळलेलं. पण ह्यांचा पाय काही भुईला टेकेना. वॉकर धरून बगळ्यागत एका पायावर. फिजिओथेरपीच्या बाई दमल्या, सासूबाई शेकून दमल्या, मी ओरडून दमले. “टाकतो, टाकतो,” एवढंच. पाय बरा झाला होता, मनातली भीती निघत नव्हती. तुमच्या घरात असं झालं तर माणसाला नाटकी म्हणू नका. मी म्हणलं, आन् हे दिवसभर बोलले न्हाईत.

शेवटी मीच यवतच्या एका गिऱ्हाइकाला गाडी बघायला बोलावलं. हे ओट्यावर तोंड पाडून बसले. तो भला माणूस किकवर किक मारतोय, गाडी ढिम्म. ह्यांच्या जिवाची नुसती काहिली.

“अवो पाव्हणं, चोक वढा आधी! चोक!” म्हणत हे उठले, तरातरा अंगण ओलांडून गेले, डावा पाय रोवला आन् उजव्यानं किक मारली. एका किकेत चालू.

वॉकर ओट्यावरच राहिला होता. ह्यांना पत्ताच न्हाई. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पाव्हण्यांना चहा पाजला आन् म्हणलं, “माफ करा, गाडी द्यायची न्हाई.” ह्यांच्या चालण्याचं निम्मं श्रेय मी आजही त्या यवतच्या पाव्हण्यांनाच देते.

पण अट घातली. बूट मी निवडणार.

पुण्याच्या दुकानात हे रंग बघत बसले. म्हणलं, रंग मेंढरांसाठी ठेवा. दुकानदारानं समजावलं: बूट नडगीपर्यंत उंच हवा, घोट्याच्या दोन्ही अंगांना कडक कवच हवं, पुढं-मागं वाकावा पण आडवा वळू नये. सगळं ऐकून घेतलं. मग मी खाली फरशीवर बसले, ह्यांच्या डाव्या बुटाची बकलं आवळली, दोन्ही हातांनी धरला आन् होता नव्हता तेवढा जोर लावून आडवा पिळला.

“दुखतंय?”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“अगं, काय बी न्हाई.”

दवाखान्याच्या बाकड्यावर दाबून धरलेलं रडू मला तिथं, सगळ्यांदेखत फुटलं. दुकानदार बिचारा गांगरला. “ताई, दुसरी जोडी दाखवू का?”

“नको दादा, हीच,” मी डोळे पुसत म्हणलं. “पायातच राहू द्या.”