आम्ही विहीर उपसली

मी पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन गव्हाणच्या अलीकडच्या एका वाडीत आले, तेव्हा विहिरीला आठ हात दोर पुरायचा. मग वाडीमागच्या टेकडीत दगडाची खाण सुरू झाली. खड्ड्यात पाणी लागलं की ते उपसायला डिझेलचं इंजिन बसवलं, आणि ते दिवसभर धडधडू लागलं. वर्षभरात आमचा दोर चौदा हातांवर गेला. खाणीचा मुकादम म्हणायचा, "विहीर म्हातारी झाली." म्हातारी म्हणे! विहीर आटली तर पार ओढ्यावरून हंडे कोण वाहणार होतं? घरातली एकुलती एक सून, म्हणजे मी. म्हणून तर माझा एवढा जळफळाट होत होता.

पुरुषांनी खाणीविरुद्ध अर्ज केला. पनवेलहून सरकारी साहेब तपासायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी सकाळी इंजिनाची धडधड एकदम थांबली. दुसऱ्या दिवशी उजाडता विहिरीवर गेलो, तर काय! पाणी पायरीपर्यंत चढलेलं.

सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मेला मुकादम! साहेबाला भरलेली विहीर दाखवताय नि म्हणताय, बगा, पानी हाय. बायांनो, गोधड्या काढा."

गोधड्या आम्ही दसऱ्याच्या आधी धुवायचो, आणि दसऱ्याला तर अजून सहा महिने होते. पण सासूबाईंपुढे बोलणार कोण? वाडीतल्या सगळ्या बायका पदर खोचून भिडल्या. रहाट थांबला म्हणून नाही. गोधड्या, चादरी, पडदे, कुणी तर म्हैसही दोनदा धुतली. हसून हसून पोटं दुखली. दहा वाजेपर्यंत बादलीत नुसता गाळ यायला लागला.

साहेब आले, वाकून बघितलं, टेप सोडली. मुकादमाचा चेहरा पडला, आणि आम्ही पदराआड खुसखुसत राहिलो. तोच साहेबांनी विचारलं, "इंजिन कधीपासून बंद आहे?"

"काल सकाळपासून," मुकादम म्हणाला. त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

"म्हणजे इंजिन बंद असूनही विहीर कोरडीच. मग यात खाणीचा काय दोष?" साहेब वहीत लिहायला लागले.

झालं! करायला गेलो काय नि झालं काय. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. वाडीत सुनेने चार पुरुषांत तोंड उघडायचं नाही, हा नियम. पण हंडे माझ्या डोक्यावर येणार होते.

"साहेब, लिहू नका," मी म्हटलं. "विहीर पहाटे भरलेली होती. आम्ही उपसली."

"तुम्ही? आणि पाणी गेलं कुठे?"

मी कुंपणाकडे बोट केलं. वाडीभर झाडाझुडपांवर गोधड्या टपटप गळत होत्या. साहेब बघतच राहिले, आणि मग असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बरं," ते म्हणाले, "आता बसूनच बघतो."

चिंचेखाली खाट टाकली. दर तासाला त्यांनी टेप सोडली. दुपारपर्यंत पाणी दोन हात चढलं. मग त्यांनी मुकादमाला इंजिन सुरू करायला सांगितलं. संध्याकाळी ते दोन हात पाणी पुन्हा गायब! साहेबांनी सगळं वहीत उतरवलं आणि चहा पिऊन गेले. सासूबाई मला ओरडल्या नाहीत. माझ्या ताटात त्यांनी मासळीची मोठी तुकडी वाढली, याहून जास्त त्या काही बोलणाऱ्या नव्हत्या.

साहेबांचा कागद वर पोचायच्या आत खाणीचा मालक हात जोडून वाडीत आला. खड्ड्यातून उपसलेलं पाणी पाइपाने वाडीत सोडतो, म्हणाला. पुरुष खूश. अर्ज मागे घेतला. इंजिन चालूच राहिलं आणि विहिरीने महिन्याभरात तळ दाखवला.

नळाला पाणी आलं त्या दिवशी मालकाचा सत्कार ठरला. हार, नारळ, आणि ओवाळायला मी. राग तर असा आला होता की तबक तिथेच आपटावं. कुंकू लावताना मालक हसून म्हणाला, "पाणी गोड आहे ना, वहिनी?"

"असणारच," मी म्हटलं, "आमच्याच विहिरीतलं आहे."

सासूबाईंनी मागून चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता.