तिसऱ्या मजल्यासाठी फ्रान्समधला डोंगर

लेकीच्या मते माझ्या गुडघ्याला आता पुणं झेपणार नव्हतं. न्यूझीलंडला, न्यू लिनच्या तिच्या घरी मी राहायला आले तेव्हापासून हेच ऐकत होते. ऑफिसातून आली की पर्स टेबलावर टाकायची आणि सुरू. "आई, तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही. गुडघा बदललेला. जिन्यात पडलीस तर कोण बघणार? फ्लॅट विकून टाकू आणि तू इथेच राहा."

इथेच राहा! जशी काही मी कुणी पाहुणा विसरून गेलेली छत्री.

हे गेल्यानंतर त्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहिले होते, आणि झकास राहिले होते. न्यूझीलंडमध्ये तरी मी काय हातावर हात ठेवून बसले होते? कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दूध आणायचे, दुकानदाराला तिथला नमस्कार, खणखणीत "किया ओरा" म्हणायचे. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून एका बाईशी माझं इतकं जमून भांडण व्हायचं की एखाद्या रविवारी मी गेले नाही तर ती लेकीला विचारायची, आई कुठाय म्हणून. पण लेकीला हे काही दिसायचं नाही. तिला माझा गुडघा तेवढा दिसायचा.

अशातच जावयाला कंपनीने कामासाठी फ्रान्सला पाठवलं आणि सुट्टी जोडून आम्ही सगळेच गेलो. जावई आयटीतला, पण त्याचा जीव जुन्या दगडांत. त्याने ठरवलं की मोठी शहरं नकोत, आपण डोंगरमाथ्यावरची मध्ययुगीन गावं बघायची. पहिलं गाव बघून मी अहाहा केलं. दुसऱ्या गावातही केलं. मग लक्षात आलं, की तीच तटबंदी, तीच गुळगुळीत दगडांची चढण, तोच दरवाजा, माथ्यावर तेच चर्च आणि वाटेत तेच लॅव्हेंडरच्या साबणाचं दुकान. तरी मला मजा येत होती हो! कॉलेजात असताना दर रविवारी आमचं टोळकं कुठला ना कुठला किल्ला गाठायचं. त्यामुळे डोंगरावर तट दिसला की मला राहवत नाही. पाण्याचं टाकं कुठे, धान्याचं कोठार कुठे, शत्रू कुठून यायचा, सगळं शोधायचं. जावई फोनवर वाचून माहिती सांगायचा आणि मी त्याच्या आधी सांगून टाकायचे. बिचारा सज्जन आहे, हसायचा. दहा वर्षांची नात मात्र डोळे मोठे करायची. "आजी, हाऊ डू यू नो?"

पण हे सगळं कुठून सांगायचे? खालून! कारण प्रत्येक गावी गाडी लावली की लेक मला आधी कॅफेत बसवायची. "आई, वर खूप चढ आहे. तू इथे बस, आम्ही पटकन बघून येतो." मग समोर बाहुलीच्या भातुकलीतला असावा असा कॉफीचा कप, आणि मी. तटाकडे बघत मान वर करून करून मानेचं पण ऑपरेशन करावं लागेल असं वाटायला लागलं.

शेवटच्या गावी मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गाव चांगलंच उंचावर होतं. लेकीने खुर्ची ओढून दिली तशी मी उभीच राहिले.

"मी चढणार," म्हटलं. "माझ्या पायांनी. आणि वर पोचले तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही. सोसायटीचे तीन मजले कुठे आणि हा डोंगर कुठे!"

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर विक. सही करते. मुकाट इथे राहते."

इथे म्हणजे न्यू लिनला, हे तिला कळलं. जावई म्हणाला, "आई, अहो कशाला..." पण लेकीने हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाली, "ठीक आहे. पण चालत." नातीने लगेच पंचाची जागा घेतली. "आजी, नो चीटिंग!"

मी अट घातली की मी आधी निघणार, आणि कॉफी संपेपर्यंत कुणी मागे यायचं नाही. तोंडापुढे कुणी काळजी करत चालायला लागलं की मला धड चालता येत नाही. झालं. पर्स काखोटीला मारली आणि मी निघाले ती अशी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई एव्हरेस्टही करून येईल.

पहिलं वळण गेलं आणि कॅफे दिसेनासा झाला. तिथे एक कठडा होता. त्यावर मी बसले. गुडघा खोटं बोलत नाही हो. तो ठणकत होता, आणि पुढची चढण संपायचं नाव घेत नव्हती. मला खरंच भीती वाटली. डोळ्यांपुढे माझं स्वयंपाकघर आलं, खिडकीतली कढीलिंबाची कुंडी आली, आणि कुणी परकं जोडपं तिथे भिंतींना रंग कुठला द्यायचा ते ठरवतंय असंही दिसलं. आपण रागाच्या भरात घर पणाला लावून बसलो, आता काय करायचं?

मग डोकं चालायला लागलं. वर माणसं राहतात. त्यांचा गॅस कसा जातो वर? कपाटं, गाद्या, फ्रीज? ही दगडी चढण काय, आमच्यासारख्या फोटो काढणाऱ्यांची. गडावर राहणारी माणसं महादरवाजाने ये-जा करत नाहीत. त्यांची वाट मागून असते. किल्ल्यांवर आम्ही धापा टाकत पोचायचो तेव्हा ताकवाल्या मावश्या आमच्या आधी वर येऊन बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नसायचा. मी कठड्याच्या कडेकडेने चालत गेले. आणि काय सांगू, झाडांमागून टायरचे ठसे उमटलेला रस्ता निघाला!

जरा वेळाने पावाची गाडी आली. चालवणारी बाई माझ्याच वयाची, केस आखूड, हात पिठाचे. मी रस्त्यात हात आडवा केला. तिच्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही. मी आधी गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग वरच्या गावाकडे, मग खालच्या कॅफेच्या दिशेला बोट दाखवून तोंडावर बोट ठेवलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग अशी हसली की स्टिअरिंगवर डोकं टेकायची राहिली. बाजूचं दार उघडलं. मांडीवर घ्यायला एक गरम पाव पण दिला. दोन-चार वळणांत आम्ही वर! फ्रान्सच्या प्रवासात मला सगळ्यात आवडलेली सफर विचाराल तर हीच.

आता खरं म्हणजे मी दरवाजापाशी जाऊन, पदराने वारा घेत, दमल्याचं सोंग करत बसायला हवं होतं. वेळ भरपूर होता. पण समोर चर्च उघडं दिसलं. म्हटलं, एवढं देवाने निभावून नेलं तर दोन मिनिटं आत जाऊन येऊ. दाराशी बूट-मोजे काढले. आत गारवा, मंद उजेड, कुणी नाही. दाराशेजारी वरून एक जाड दोर लोंबत होता.

माझा हात आपोआप वर गेला. यात माझी काय चूक? आयुष्यभर देवळात गेलं की आधी घंटा वाजवायची, मी आले रे बाबा म्हणून सांगायचं, मग हात जोडायचे. आमच्या घंटेला दोर असतो, इथेही दोर होता. आमची हलकी असते म्हणून मी जरा जोर लावून ओढला.

अगं बाई! वर कुठेतरी आभाळात ढाण्ण झालं. दचकून मी दोर सोडायच्या ऐवजी घट्ट धरला, तो मला टाचा उचलेपर्यंत वर घेऊन गेला, खाली आला, आणि पुन्हा ढाण्ण! थांबेचना. मी सोडला तरी ती बया वाजतच होती.

बाहेर आले तर दारंखिडक्या पटापट उघडत होत्या. एक आजोबा सपाता घालून आले आणि तावातावाने बोलायला लागले. मी आपले हात जोडले. पावाची बाई धावत आली, दोर पाहिला, माझे अनवाणी पाय पाहिले, आणि तिला सगळं उमगलं असावं. आजोबांना काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसायला लागली. मी पायरीवर बसून मोजे चढवायला लागले.

तेवढ्यात लेक आली. ती चालत आली नाही, धावत आली, केस सुटलेले, एका हातात कॅफेतला कागदी रुमाल तसाच. मला बघून थबकली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. घंटा वाजताच खालच्या कॉफीवाल्याने कपाळाला हात लावून तिला सांगितलं होतं, की अवेळी घंटा म्हणजे वर कुणीतरी गेलं. ती उठून पळत सुटली. सगळी चढण धावली, आणि मी वाटेत कुठेच नव्हते.

"कुठे होतीस?" ती किंचाळली. "अख्ख्या रस्त्यात नव्हतीस! मला वाटलं, वर नेलंय तुला कुणीतरी... मला वाटलं..." आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून लहानपणी रडायची तशी हुंदके देत रडायला लागली. गावातली माणसं एकेक करत बाजूला झाली.

मी म्हटलं, "मी चढले नाही गं. पावाच्या गाडीतून आले. हरले मी. विक फ्लॅट."

"मला नाही विकायचा तुझा फ्लॅट!"

"मग हे वर्षभर गुडघा, जिना, लिफ्ट काय लावलंस?"

तिने नाक पुसलं. "तू घरात असलीस की मला बरं वाटतं. संध्याकाळी दार उघडलं की फोडणीचा वास येतो. तू ओरडतेस माझ्यावर, ते सुद्धा बरं वाटतं. तू नसलीस की कुणी ओरडत नाही माझ्यावर."

"मग हे विचारायचं होतंस सरळ."

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

एवढी मोठी इंजिनियर बाई, आणि आईला एक प्रश्न विचारायला घाबरत होती. म्हटलं, "विचारून तर बघ."

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, राहशील माझ्याकडे? कायमची?"

खोटं बोलावंसं वाटलं, देवाशप्पथ. पण तिच्याशी खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. "नाही गं राणी," म्हटलं. "तुझ्याकडे मला सगळे घेऊन जातात. पुण्यात माझी मी जाते. जिना चढायला अर्धा तास लागला तरी चालेल, पण वर माझं दार असतं. येईन ना मी, दरवर्षी येईन. पण परत जाईन."

तिने हातातल्या कागदी रुमालाने डोळे पुसले. मग माझ्या पायाशी वाकली, माझ्या बुटाची नाडी बांधली, आणि म्हणाली, "बरं."

भांडली नाही, गुडघ्याचं नाव काढलं नाही, काही नाही. जिंकले होते मी. आणि मला असं भरून आलं की तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडायला लागले, आणि ती पुन्हा माझ्याबरोबर. खालून धापा टाकत नात येऊन पोचली. आम्हा दोघींना तसं बघून तिचा चेहरा उतरला.

"आजी," तिने घाबरत विचारलं, "हू डाइड?"

आणि मला काही केल्या तिला "कुणी नाही" असं म्हणता येईना.