आवाज मन्हाच शे

अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या अक्कांनी नवा फोन माझ्यापुढे धरला. "काय लिखेल शे, भाऊ?"

"हे गाणं या फोनवर वाजणार नाही," मी वाचलं. गाणी विकणाऱ्या कंपनीचं कुलूप होतं. गाणं अक्कांनी ज्या जुन्या फोनवर घेतलं होतं, त्यावरच चालणार होतं.

"पन आवाज मन्हाच शे!" हळदीचं ते गाणं त्यांनीच धुळ्याच्या एका स्टुडिओत गायलं होतं.

"तरी परवानगी कंपनीचीच लागते, अक्का."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. "मन्हा गळाले कोन कुलूप लावस, देखू!"

आणि भर गाडीत त्या खड्या आवाजात गाऊ लागल्या. मागच्या बाकावरच्या बायांनी दुसरी ओळ उचलली. मी रेकॉर्ड करायला फोन काढला, तर गाता गाताच त्यांनी माझा हात खाली दाबला. धुळं येईपर्यंत मी नुसता ऐकत राहिलो.