गुरुजींची एक ओळ

गुरुजी कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला 'अहो' म्हणायचे, 'आपण' म्हणायचे आणि त्याच सुरात त्याची सालं काढायचे. बिबवेवाडीतल्या आमच्या सहा जणांच्या ऑफिसात पास्कलमध्ये प्रोग्राम लिहिणारे ते सगळ्यांत जुने. तोंडावर 'सर', माघारी 'गुरुजी'. मी रुजू झालो त्या दिवशी माझा प्रोग्राम वाचून त्यांनी विचारलं, "आपल्याला इंजिनिअर केलं ते कॉलेज अजून चालू आहे का?"

शिकवायचे मात्र जीव ओतून. ॲरेला, म्हणजे माहिती ओळीने ठेवायच्या खणांना, आधीच भरमसाट जागा देऊन ठेवलेली त्यांना खपायची नाही. "पाहुणे किती ते माहीत नाही आणि पानं मांडून मोकळे झालात," म्हणायचे. आधी मोजा, मग मेमरीत तेवढीच जागा मागा, हे त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं. मला आज जे काही येतं ते त्यांचंच आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय.

गंमत अशी की मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाड्या आल्या क्रमाने गेटातून आत सोडण्यासाठी त्यांनी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ठरावीक दोनशेच जागा होत्या. गाड्या वाढल्या तेव्हा तो ॲरे बदलून हवी तेवढी जागा मागणारा करायचं काम वैशालीकडे आलं. ती वर्ध्याची, वारज्याला मैत्रिणींबरोबर राहायची. प्रोबेशनवर होती. नोकरी पक्की झाली की धाकट्या बहिणीला शिकायला पुण्यात आणणार होती.

गाड्या आल्या तो क्रम गुरुजी प्रोग्रामच्या एका ओळीने दुसऱ्या ॲरेत ठेवायचे आणि मग रिपोर्टसाठी पहिला ॲरे वजनाप्रमाणे लावायचे. जागा ठरावीक असली की त्या ओळीने खरी प्रत निघते. जागा आयत्या वेळी मागितलेली असली की प्रत निघत नाही, एकाच डब्याला दोन नावं पडतात; एकाचा क्रम बदलला की दुसऱ्याचाही बदलतो. वैशालीला नेमकी ही शंका आली. ती ओळ बदलू का, असं तिने गुरुजींना विचारलं. मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

"अहो, आपण पाळण्यात होतात तेव्हापासून चालतेय ती," गुरुजी म्हणाले. "हात लावू नका."

सोमवारी बदललेला प्रोग्राम सुरू झाला आणि सगळ्यांत जड गाड्या आधी आत गेल्या. पहाटेपासून थांबलेले छोटे टेम्पो मागे राहिले आणि मूळ क्रम कुठेच उरला नव्हता. गेटवर ड्रायव्हरांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. मालकांनी मीटिंग घेतली आणि प्रोग्राम कुणी बदलला ते विचारलं. गुरुजींनी चष्मा पुसत वैशालीकडे बोट केलं.

"सर, मी विचारलं होतं नं तुम्हाला," ती म्हणाली.

"असं? कुणासमोर?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. माझं प्रोबेशन संपायला पंधरा दिवस होते. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

दुपारी तिने टेबल रिकामं केलं. चहाच्या आधी गुरुजींनी त्या ओळीत 'कॉपी' हा एक शब्द घातला आणि प्रोग्राम सुरळीत झाला. मग मला बोलावून त्यांनी चूक कशी झाली ते समजावलं. इतकं स्वच्छ त्यांनी एरवी कधीच समजावलं नव्हतं.

यंदा ते निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं झाली. त्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी खाली गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं ते कुणाशीच वागत नसत.

"आपल्याला कायम करा, असं मालकांना मीच सांगितलं होतं. त्या मीटिंगनंतर." रिक्षात बसता बसता म्हणाले, "काम तिला जास्त कळत होतं. पण आपल्याला गप्प बसता येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वाकून त्यांच्या पाया पडलो.