राहिलेली चौथी सुई

वीस वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरकी करणाऱ्या या बाईचं आणि तिच्या दिराचं कधी एका गोष्टीवर पटलं असेल तर शपथ. दीर घरामागच्या शेडमध्ये कुत्री पाळी आणि पिल्लं विकी. तो समोर आला की हिच्या कपाळावर आठी.

यंदा पाच पिल्लं झाली. सहा, नऊ, बारा आठवड्यांना तीन सुया झाल्या आणि दिरानं धोशा लावला, आता कार्डावर ‘पूर्ण’ लिहा, गिऱ्हाइकं खोळंबलीत. बाईनं कानीकपाळी ओरडून सांगितलं, कुत्रीला पार्वोची, म्हणजे रक्ताच्या हगवणीच्या रोगाची, लस टोचलेली आहे. तिच्या पहिल्या दुधातून पिल्लांना मिळालेली ताकद अंगात आहे तोवर आपण दिलेली लस ती लागूच देत नाही. ती कुणाची कधी उतरेल, नेम नाही. म्हणून चौथी सुई सोळा आठवडे भरल्यावर द्यायचीच. पण पालथ्या घड्यावर पाणी! कंपाउंडर आता डॉक्टर झाली, असं हा चारचौघांत म्हणाला आणि रोज दारात येऊन बसला. शेवटी वैतागून तिनं पाचही कार्डांवर खरडलं, लसीकरण पूर्ण. घ्या एकदाचं आणि व्हा चालते.

पाचही पिल्लं विकली गेली. सहा आठवड्यांनी त्यातलं एक पिल्लू रक्ताची हगवण लागून दवाखान्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. दीर तणतणत आला. वहिनीनं फ्रिजमधली लस नासवली, असं भरल्या दवाखान्यात म्हणाला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचं कार्ड पुढे करून विचारलं, हे अक्षर कुणाचं?

“माझं,” बाई म्हणाली. “लस चांगली होती. पूर्ण झाली नव्हती, हे मला माहीत होतं.”

दिराचा चेहरा खुलला, मेल्याचा. तिनं उरलेल्या चार घरांचे नंबर मागितले, तेव्हा मात्र त्यानं फोन खिशात घातला. बोभाटा झाला तर धंदा बसेल म्हणे. मेलं ते मेलं.

बाईनं त्याच्या खिशात हात घालून फोन ओढून काढला. त्याचा तिला कायमच राग यायचा. आज स्वतःचा त्याहून जास्त येत होता. पहिल्याच घरी फोन लावून तिनं सांगितलं, कार्डावर मी खोटं लिहिलंय, पिल्लाला आजच सुई द्यायला आणा.

तिकडून पिल्लाची मालकीण म्हणाली, “ते सकाळपासून उठलंच नाहीये हो.”