तिसऱ्या चाकाचं शून्य

टेबलावर चार मॉड्यूल आहेत. प्रत्येकात एक चाक, दोन मोटरी, एक मोठं बेअरिंग. म्हणजे चाकं चार, मोटरी आठ. शिवाय एक स्क्रूड्रायव्हर, अल्फियाच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि माझा चष्मा. रविवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पंख्याचा आवाज सोडून काही नाही. मी हातावर डोकं टेकते आणि पुन्हा मोजते, कारण मोजत राहिलं की झोप लागत नाही असा माझा समज आहे. चाकं चार, मोटरी आठ. चाकं चार, मोटरी नऊ.

"नऊ? नववी कुठनं आणलीस गं, गौते?"

गौतमीचं गौते करणारा एकच माणूस होता. भरतेश मगदूम टेबलापलीकडे स्टुलावर बसलाय, पाय नेहमीसारखे दुसऱ्या स्टुलावर. तो गेल्या जुलैत डेंग्यूने गेला. हे मला स्वप्नातही ठाऊक आहे, पण तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी सांगत नाही.

"झोपालीस काय?"

"नाही. मोजतेय."

"मोज मोज. किती ओढतोय?"

तो रोबोबद्दल विचारतोय, सरळ सोडला की किती बाजूला जातो ते. आमच्या रोबोची चारही चाकं स्वतंत्रपणे वळतात. तोंड न फिरवता तो आडवा, तिरपा, कसाही जातो. त्यासाठी प्रत्येक चाक या क्षणी कुठे तोंड करून आहे हे त्याला कळावं लागतं. चाक वळवणाऱ्या आसाच्या टोकाला एक छोटं चुंबक असतं आणि समोरचा सेन्सर कोन सांगतो. पण चाक सरळ असताना तो कोन किती, हे कुणीतरी मोजून प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. त्याला आम्ही शून्य म्हणतो. चार चाकांची चार शून्यं. गेल्या फेब्रुवारीत ती भरतेशने लिहिली: ७३.४१, १९०.९७, १३, ३०५.६२. स्पर्धेत रोबो चालवायचाही तोच.

यंदा पदवी झाल्यावरही मी कॉलेजच्या रोबो टीमसाठी थांबले आणि मॉड्यूल नव्याने डिझाइन केलं. दोनशे ग्रॅमनी हलकं, बावीस मिलिमीटरनी बुटकं. पण चुंबकाची बैठक मी अशी आखली की जुन्या मॉड्यूलमध्ये ते ज्या कोनात बसायचं, बरोबर त्याच कोनात नव्यातही बसावं. नवं शून्य घ्यायला दोन मिनिटं लागतात. जुनं जपायला मला पाच आठवडे लागले. कुणी विचारलं, तर चांगल्या डिझाइनमध्ये प्रोग्रामला हात लावावा लागत नाही, असं मी सांगते.

"एकतीस सेंटिमीटर," मी म्हणते. "सहा मीटरमध्ये. डावीकडे."

उद्या पाचच्या आत स्पर्धेला व्हिडिओ पाठवायचाय. सहा मीटर, कुणीही न चालवता, रेषेपासून पाच सेंटिमीटरच्या आत. नाही जमलं तर यंदा आम्ही घरी.

"बेअरिंग दोनदा बदललं," मी सांगते.

"बेअरिंगनं काय घोडं मारलंय तुझं?" तो उठतो. "चल."

वर्कशॉपच्या दाराबाहेर व्हरांडा असायला हवा. तिथे साखर कारखान्याचा वजनकाटा आहे. याच काट्याच्या खिडकीत भरतेशचे अप्पा नोकरीभर बसले. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय आणि रांगेत तिसरा आमचा रोबो, अंगावर दोन मोळ्या घेऊन, शहाण्यासारखा उभा. भरतेश खिडकीत बसतो. एक ट्रॉली काट्यावरून उतरते. मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतो. भरतेश हलत नाही.

"पुढची घे ना."

"काटा बघ आधी."

काट्यावर काही नाही, तरी पाटीवर चाळीस किलो दिसताहेत.

"चिखल सांडलाय, पाला पडलाय," तो म्हणतो. "रिकाम्या काट्याचं शून्य परत घ्यायचं, मग पुढची गाडी. दर गाडीला. अप्पा दिवसात तीनशेदा घ्यायचे."

"आणि आधीचं शून्य?"

"ते आधीच्या गाडीचं होतं. ती गेली की."

तो बटण दाबतो. चाळीसचं शून्य होतं. ट्रॅक्टरवाला काहीतरी शिवी देतो आणि गाडी चढवतो.

"भरत्या, ते तुझे आकडे आहेत," मी म्हणते. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटतो. "रोबोत तुझं तेवढंच उरलंय. बाकी सगळं आम्ही बदललं."

"बरं. मग तिसरा आकडा वाच."

"तेरा."

"बाकीच्यांना पॉइंटच्या पुढं दोन दोन आकडे. ह्याला का नाही?"

"नेमका तेरा आला असेल."

"नेमका!" तो इतका हसतो की रांगेतले दोन ट्रॅक्टरवाले वळून बघतात. "फिजिक्स शिकलीस ना तू? आजवर काय नेमकं तेरा आलंय होय तुझं? अगं, तीन चाकांना पट्टी लावून मोजलं. तिसरं भिंतीकडं होतं, पट्टी बसंना. तेवढ्यात तुम्ही सगळे वडा खायला निघालात. मी टाकला नजरेनं. नंतर घेऊ म्हटलं."

"घेतलास नंतर?"

"नाही बा. वडा चांगला होता."

आम्ही निळ्या खुर्च्यांवर बसलोय. हा दवाखान्याचा कॉरिडॉर आहे, पण ट्रॉल्या तशाच रांगेत आहेत आणि नर्स त्यांना आवाज करू नका म्हणून सांगतेय. जुलैत आमच्यामध्ये आयसीयूची काच होती. आत्ता नाही. भरतेशच्या हाताच्या पाठीवर सलाइनची पट्टी चिकटवलेली आहे.

"पण गेल्या वर्षी तर तो सरळ जायचा," मी म्हणते.

"जायचा कुठला? मी न्यायचो." तो अंगठा जॉयस्टिकवर ठेवल्यासारखा धरतो. अंगठा किंचित उजवीकडे कललाय. "एवढा धरून ठेवायचा. सवय झाल्यावर कळतही नव्हतं."

"म्हणजे मी पाच आठवडे तुझ्या अंदाजाभोवती डिझाइन केलं."

"डिझाइनला नावं ठेवू नकोस. ते झालंय की नाही झकास, ते शून्य घेतल्यावर कळंल."

"आणि तू?"

"मी काय? मला कशाला जपतीस चुंबकाखाली?" तो उठतो, पायाने निळी खुर्ची सरळ करतो. "जा, गाडी चढव."

"गौतमीदी! उठ की. चहा गार व्हायलाय."

अल्फिया मला हलवतेय. ती तिसऱ्या वर्षाला आहे, यंदाची ड्रायव्हर. दोन वाजून एकतीस मिनिटं. मी चष्मा घालते. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक ओरखडा आहे, बारीक आणि थोडा वाकडा, उसाचं पान ओढल्यावर येतो तसा. मी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून पाहते. कड गुळगुळीत आहे.

"अल्फिया, चारही मॉड्यूल रोबोवर चढवू. आणि अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी आण. शून्य घ्यायचंय."

"तू घेणार?" ती कप तसाच धरून उभी राहते. "दोन आठवडे मी बोंबलतेय तेव्हा..."

"बोंबलत होतीस. आता पट्टी आण."

एखादं चाक उलटं धरलं जाऊ नये म्हणून सगळ्यांची गिअरची बाजू डावीकडे करून आम्ही पट्टी लावतो. रोबो भिंतीपासून लांब ओढून घेतो. अल्फिया आकडे वाचते, मी टाइप करते. पहिलं ७३.३८. दुसरं १९१.०२. तिसऱ्याला ती थांबते, पट्टी काढून पुन्हा लावते आणि पुन्हा वाचते.

"वीस पॉइंट सत्तावन्न."

चौथं ३०५.६०.

"जुन्या आकड्यांची ओळ खाली ठेवू का? असू दे म्हणून?" ती हळूच विचारते.

"नको. पूस."

ती कीबोर्ड स्वतःकडे ओढते आणि पुसते. आम्ही फरशीवर सुतळी ताणतो, रोबो एका टोकाला ठेवतो आणि दोघी मागे सरकतो.

अंतर सहा मीटर. रेषेपासून नऊ मिलिमीटर, उजवीकडे.