पाणथळीच्या हिशेबातली मेंढरं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सरांची स्प्रेडशीट मी हातात घेतली, तीही त्याच ताठ्यात.

सर माझ्याच, शिरूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. गावाखाली एक पाणथळ होती. गावाचं सांडपाणी आणि उसाच्या रानांतलं खताचं पाणी तिच्यात उतरायचं, पाणकणसांतून सावकाश सरकायचं आणि मग नदीला मिळायचं. सर एसटीनं बाटल्या घेऊन यायचे. नत्र किती आलं, स्फुरद किती आलं, पाणथळीनं किती धरून ठेवलं, याचा महिनावार हिशेब त्यांनी संगणकावर मांडला होता. उन्हाळ्यात पेपर तपासायचे असत, म्हणून तेवढे महिने बाटल्यांशिवाय, नुसत्या गणितानं भरलेले.

पुढाऱ्यांना पाणथळ बुजवून प्लॉट पाडायचे होते. ग्रामसभेत सर एकटे उभे राहून सांगायचे, "अहो, ही तुमचं पाणी फुकट गाळून देते. बुजवलीत तर सगळी घाण सरळ नदीत जाईल." त्यांच्या बाजूनं बोलणारी होती ती फक्त ती शीट. आणि ती त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती. एका खान्याला धक्का लागला की दहा बिघडायचे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी पुण्यात प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत होतो, शनिवारी दौंडच्या गाडीनं घरी यायचो. मी म्हणालो, "सर, याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करू. कोड उघडा ठेवायचा. कुणीही फुकट घ्यावा, तपासावा, सुधारावा."

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विचारलं, "किती मिळनार ह्याचं?"

"काही नाही. फुकट द्यायचं."

"कॉलेजात जाऊन ह्येच शिकलास व्हय? आरं, मेंढरं एक रात कुनाच्या रानात बसवली तर धान्य घेतो आपन. लेंडी बी फुकट देत न्हाई!"

आई पदराआड हसली. मीही हसलो. आबांची मेंढरं उन्हाळाभर त्याच पाणथळीच्या काठचं कोवळं हिरवं खायची आणि रात्री खतासाठी लांब कुणाच्या तरी कांद्याच्या रानात बसायची. लहानपणापासून बघत आलो होतो.

एकेका खान्याचं सूत्र काढून मी कोडमध्ये उतरवत गेलो. सगळं झालं आणि उत्तर जुळेना. शीट म्हणायची, पाणथळ वर्षभर धरून ठेवते. माझा प्रोग्रॅम म्हणायचा, उन्हाळ्यात वाढलेलं हिरवं कुजतं आणि धरलेलं सगळं परत नदीत जातं. मी माझीच चूक शोधत बसलो. चूक शीटमध्ये होती. सूत्र खाली ओढताना उन्हाळ्याचे महिने सुटले होते, तिथं मार्चचाच आकडा बसला होता.

शिरूरला जाऊन सरांना दाखवलं. त्यांनी मार्चपासून खाली एकेक खाना स्वतः तपासला. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

"ग्रामसभा होईपर्यंत थांबू, सर."

"उघडा ठेवायचा म्हणालास ना? मग उघडाच ठेव."

ग्रामसभेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. एक पुढारी उठले आणि हात जोडून म्हणाले, "सर, तुमचंच मशीन म्हनतंय तळ्याचा उपेग न्हाई. आता आमी अडान्यांनी काय बोलावं?" सभा हसली. सर खाली बसले.

दिवाळीच्या आत मुरमाचे ट्रॅक्टर सुरू झाले. पुढच्या उन्हाळ्यात चरायला काठच उरला नाही. आबांनी मेंढरं विकली.

मग काही वर्षांनी केरळातल्या एका अनोळखी माणसाची मेल आली. आमचा कोड त्यानं त्यांच्या गावच्या पाणथळीला लावला होता. "तुम्ही उगवलेलं सगळं जागीच कुजतं असं धरलंय. आमच्याकडं लोक गवत कापून नेतात. मी बाहेर नेलेल्या चाऱ्याची एक ओळ घातली आहे. चालेल का?"

आबांना विचारून विचारून मी मेंढरांचा चारा त्या ओळीत भरला. प्रोग्रॅममधली पाणथळ पुन्हा धरून ठेवायला लागली.

ते छापून घेऊन शिरूरला गेलो. सर निवृत्त झाले होते, आमच्याकडं येणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मेंढरं कुणाची?"

"आमचीच, सर."

"मार्चच्या शेवटच्या फेरीत मला दिसायची की रे ती. पाणी गढूळ करतात म्हणून मी तुझ्या वडलांना ती लांब हाकायला लावायचो. आणि ते हाकायचे. मुकाट्यानं."

त्यांनी कागद माझ्याकडं परत दिला.

"ती ओळ घेतलीस ना कोडमध्ये?"

"घेतली."

"आणि नव्या माणसाला शिकायला नमुना म्हणून पाणथळ कुठली ठेवलीस?"

"आपलीच."

"बुजवलेली?"

"व्हय, सर," मी म्हणालो. त्यांच्यापुढं घरची बोली माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती.